पाणी लागलं का?

पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या पुढे, मुळा-मुठेपासून हाकेच्या अंतरावर एका शेतात आम्ही यंत्र उतरवत होतो, तेव्हा बांधावरून पहिला प्रश्न आला तो हाच. खरं तर अजून काही सुरूही झालं नव्हतं. पण आपल्याकडे जमिनीत काहीही उभं घालायला घेतलं की लोकांना बोअरच दिसते. मी सांगितलं, "अण्णा, पाण्याची बोअर नाही ही. मातीची टेस्ट आहे." शेजारच्या उसाचे मालक ते, सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "बरं, पण लागलं तर सांगाल ना?"

मी तेव्हा नोकरीच्या दुसऱ्या वर्षात होते. सॉइल टेस्टिंग करणारं छोटं ऑफिस, मालक, म्हणजे आमचे सर, धरून नऊ माणसं. पुण्यातलं आमचं काम ठरलेलं: बोअर घ्यायची, दर दीड मीटरला एसपीटी, म्हणजे नळी ठोकून मातीची ताकद बघायची टेस्ट, करायची, खडक लागला की कोअर, म्हणजे खडकाचा उभा नमुना, काढून पेटीत मांडायची, फोटो, रिपोर्ट. रिपोर्टच्या शेवटी आरसीसी कन्सल्टंटला, म्हणजे इमारतीचा सांगाडा डिझाइन करणाऱ्याला, हवा असतो तो एकच आकडा, एसबीसी, म्हणजे जमीन चौरस मीटरला किती टन सुखाने पेलेल ते. बाकीची चाळीस पानं कोणी उघडत नाही, ही सरांची कायमची तक्रार.

पुण्यात या पद्धतीचं फारसं अडतही नाही. कोथरूडला कित्येक ठिकाणी टिकाव मारला की ठिणगीच उडते. वर हातभर माती, खाली मुरूम, त्याखाली साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला काळा पत्थर. मध्येच गेरूसारखा लाल थर आला तर जरा डोकं खाजवायचं. पेठांमध्ये जुन्या वाड्यांच्या विटामातीचा भराव लागतो, तो वेगळा वैताग. पण अशा शहरात माती तपासायला कोन, म्हणजे पोलादी टोक, जमिनीत दाबायचं म्हणजे पाट्यावर सुई टोचण्यातला प्रकार.

म्हणून मांजरीच्या त्या शेतात येणाऱ्या गोदामाच्या कामाच्या कागदात "आठ सीपीटी" म्हणजे कोन दाबून करायच्या आठ टेस्ट, हे शब्द वाचून सर हसले. "कुठल्यातरी बंदराच्या टेंडरमधून उचललंय हे," म्हणाले. क्लायंटला सांगून काढून टाकू, असं ठरलंही. मग सर जागा बघून आले आणि तो विषय त्यांनी परत काढला नाही. नदीने हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळाची जमीन ती. पहिल्या बोअरमध्ये पत्थर लागायला बारा मीटर जावं लागलं. वर काळी माती, खाली पिवळसर गाळ, मधूनच वाळूच्या रेघा. गोदामात उंच रॅक येणार होते आणि फरशी केसभरही खचता कामा नये अशी अट होती. इथे दीड-दीड मीटरच्या उड्या मारून भागणार नव्हतं.

एसपीटी ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून सोडायचा, खाली नळी ठोकली जाते. ४५ सेंटीमीटर ठोकायची, पहिल्या १५ चे ठोके सोडून द्यायचे, उरलेल्या ३० चे मोजायचे. ठोक्यांची बेरीज म्हणजे एन-व्हॅल्यू. चांगली, रांगडी टेस्ट आहे. नळीत माती वर येते, हातात धरून बघता येते. पण दर दीड मीटरला ४५ सेंटीमीटर बघायचे आणि मधल्या मीटरभराची कल्पना करायची. दोरी ओढणारा दमला असेल तर हातोडा ७५ ऐवजी ६० वरून पडतो, आणि मोजणारा चहा पीत असेल तर ठोकेही कल्पनेतलेच.

कोनची गोष्ट वेगळी. ठोकाठोक नाही. ३५.७ मिलिमीटर व्यासाचं पोलादी टोक, ६० अंशांचा कोन, तळाचं क्षेत्रफळ बरोबर १० चौरस सेंटीमीटर. सेकंदाला २ सेंटीमीटर या संथ वेगाने हायड्रॉलिक जॅकने ते जमिनीत दाबत न्यायचं. टोकाला किती विरोध होतो ते एक लोड सेल, म्हणजे भार मोजणारा सेन्सर, मोजतो. टोकाच्या मागे १५० चौरस सेंटीमीटरची एक बाही असते, तिच्या अंगाला माती किती घासते ते दुसरा मोजतो. टोक आणि बाही यांच्या सांध्यात एक सच्छिद्र कडी असते, तिच्यातून मातीतल्या पाण्याचा दाब कळतो. तिन्ही आकडे केबलमधून वर येतात, दर एक-दोन सेंटीमीटरला. घर्षण भागिले टोकाचा विरोध, हे गुणोत्तर वाळूत एक टक्क्याच्या आसपास किंवा खाली राहतं, चिकणमातीत चार-पाचपर्यंत चढतं. माती न बघता मातीचा स्वभाव ओळखायचा तो असा.

ही युक्ती डच लोकांची. जवळजवळ सगळा देश गाळावर आणि पीटवर, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या मऊ थरावर, उभा, खडक क्वचितच दिसतो. १९३२ मध्ये त्यांच्या सरकारी जलखात्यातल्या बारेंत्सेन या इंजिनिअरने साध्या नळीतून दांडा सरकवून हे सुरू केलं. घर्षण मोजणारी बाही बेगेमान यांनी १९५३ मध्ये जोडली. आपल्याकडे यासाठी आयएस ४९६८ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे, १९७६ च्या आवृत्तीचा. कॉलेजात मला तो प्रश्नाला पाच मार्क म्हणून पाठ होता. प्रत्यक्ष यंत्र बघितलं ते त्या शेतात.

यंत्र आणि माणसं उरणकडून आली. ऑपरेटरना सगळे काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणू लागले. त्यांचं आयुष्य खाडीच्या चिखलात गेलेलं. "आमच्याकडे लोण्यात सुरी जाते तसा जातो," म्हणाले. मग बुटाच्या टाचेने त्यांनी मे महिन्यातली मांजरीची काळी माती ठोकून बघितली. तिचा टणटण आवाज आला. "हे काय, कौलं भाजायला ठेवलीत का?"

रिगला चार पाय आणि जमिनीत फिरवून बसवायचे चार अँकर. कोन खाली दाबताना रिग वर उचलली जाते, तिला धरून ठेवायचं काम या अँकरचं. दुपारी बारापर्यंत एकही अँकर वीतभरापलीकडे गेला नाही. काका म्हणाले, आदल्या रात्री पाणी सोडायला हवं होतं. टँकर मागवला. पाइप जमिनीवर टाकला आणि पाणी दिसेनाच. बोटभर रुंद भेगा होत्या, सगळं त्यांच्यात उतरत होतं, वरची माती कोरडी ती कोरडीच. भेग किती खोल आहे हे बघायला मी माझी स्टीलची फूटपट्टी आत धरली आणि ती हातातून सुटली. "टण" असा एक आवाज आला आणि मग काही नाही. ती पट्टी अजून तिथेच कुठेतरी असेल, आता फरशीखाली.

दुसऱ्या दिवसापर्यंत वरची वीतभर माती भिजली, अँकर बसले. पण त्याआधी संध्याकाळी एक काम होतं, ते मात्र लिहायलाच हवं.

पाण्याचा दाब मोजणारी ती सच्छिद्र कडी पूर्णपणे तेलाने भरलेली असावी लागते. आत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी तो दाब गिळून टाकतो आणि वर येणारा आकडा आळशी होतो. म्हणून कड्या सिलिकॉन तेलात बुडवून व्हॅक्यूम पंपाखाली ठेवायच्या. काचेतून बघितलं तर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे एकेक करून वर येतात, बराच वेळ येतात, संपले म्हणून उठावं तर आणखी एक येतो. नंतर तेलातच कडी कोनवर चढवायची. आता हा तयार कोन जमिनीत जाईपर्यंत तेल सांडायला नको, म्हणून टोकावर पातळ रबराची टोपी चढवतात, जमिनीत शिरताना ती आपोआप फाटते. काका जरा अडखळत म्हणाले, "टोप्या संपल्यात. मेडिकलमध्ये मिळतं ते चालतं." मला कळायला दोन सेकंद लागले. काका दुसरीकडे बघत होते. हेल्पर पोरांपैकी एकही जायला तयार नव्हता, एकजण तर गावातलाच निघाला. शेवटी हडपसरला मीच गेले. दोन पाकिटं घेतली आणि सवयीने म्हणाले, "दादा, बिल कंपनीच्या नावाने करा." दुकानदाराने बिल केलं, चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही, त्याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे. ऑफिसात अकाउंट्सच्या मॅडमनी ते व्हाउचर तीन आठवडे अडवून धरलं. शेवटी सरांनी त्यावर "साइट कन्झ्युमेबल्स" असं लिहून सही केली.

पहिली सीपीटी सकाळी सातला सुरू केली. कोन रात्रभर सावलीत ठेवला होता, तरी काकांनी तो पंधरा मिनिटं पाण्याच्या बादलीत बुडवला. जमिनीच्या पोटात गारवा असतो, आणि उन्हात तापलेला लोड सेल आत जाऊन थंड झाला की त्याचा शून्य सरकतो. मग शून्याची नोंद आणि जॅक सुरू. मी लॅपटॉपसमोर. रेष सुरू झाली ती थेट उजवीकडे धावत सुटली. ८० सेंटीमीटरवर टोकाचा विरोध ६ मेगापास्कल. काका रॉड जोडत म्हणाले, "एवढा तर आमच्याकडे घट्ट वाळूत येतो." दोन मीटरपर्यंत तसंच, मग रेष हळूहळू आत येत गेली. साडेतीन मीटरच्या खाली पाऊण-एक मेगापास्कलवर स्थिर. मध्ये दोनदा वाळूच्या बारीक थरांची दातेरी नक्षी उमटली, एक जेमतेम १२ सेंटीमीटरचा. शेजारच्या बोअरमध्ये त्याचा पत्ताही नव्हता, कारण तो दोन एसपीटींच्या मधोमध होता. मला इतका आनंद झाला की मी फोटो काढून सरांना पाठवला.

६.४ मीटरवर रॉडमधून कर्रर्र असा आवाज आला. पायाखाली जाणवला. रेषेने उडी घेतली, १५, २२, २८, आणि रिगचा मागचा डावा पाय जमिनीवरून अलगद उठला. काकांनी जॅक सोडला. "लागला हार्ड. ताई, लिहा."

मी लिहिलं: ६.४ मीटर, रिफ्यूजल (म्हणजे कोन पुढे जाईना), बहुधा खडक.

संध्याकाळी सरांनी तो कागद बघितला आणि लाल पेनाने फक्त "खडक" या शब्दाभोवती गोल काढला. "कोनने दगड कधीपासून ओळखायला लागला?" मी गप्प. "१० चौरस सेंटीमीटरवर २८ मेगापास्कल म्हणजे टोकावर किती झाले?" मी मनात हिशोब केला: २८ किलोन्यूटन, जेमतेम तीन टन. रॉडचं घर्षण धरलं तरी यंत्राच्या दहा टनांच्या ताकदीच्या निम्म्याच्याही खाली. "म्हणजे थांबला कोण? जमीन की तुमचे अँकर?"

दोन मीटर बाजूला बोअर घेतली. ६.४ ला गोटे लागले, चुनखडीने एकमेकांना चिकटलेले, मुठीएवढे. थर सगळा मिळून ६० सेंटीमीटरचा. नदी कधीकाळी इथून वाहत होती, तिने सोडलेला. आणि त्याच्या खाली पिवळट तपकिरी, ओली, चिकट माती. नळीतून काढली तर अंगठा सहज आत गेला. जवळजवळ तीन मीटर तशीच, मग मुरूम, मग झिजलेला बसाल्ट, आणि बाराच्या आसपास धड पत्थर. मी "खडक" लिहून मोकळी झाले असते तर गोदामाचे खांब त्या गोट्यांवर उभे राहिले असते आणि गोटे चिखलावर.

मग पुढच्या प्रत्येक ठिकाणी तोच थर लागला की रॉड काढायचे, रोटरी ड्रिलने गोटे फोडून केसिंग, म्हणजे भोक धरून ठेवणारी नळी, टाकायची आणि कोन परत आत सोडायचा. वेळखाऊ काम, काकांच्या रोजाच्या हिशोबात न बसणारं, आणि त्यावरून क्लायंटच्या माणसाशी माझी पहिली खडाजंगी झाली. आकडे मात्र मिळाले. गोट्यांखाली आठ मीटरवर टोकाचा विरोध ०.७ मेगापास्कल, बाहीवर ३० किलोपास्कल, गुणोत्तर चार टक्क्यांच्या वर. चिकणमाती, आणि मऊच.

एक गोष्ट मात्र बिघडली होती. पाण्याच्या दाबाची रेष. मे महिन्यात पाणी साडेचार मीटर खाली. तोवर कोन त्या भाजलेल्या मातीतून जातो आणि कोरडी माती कडीतलं तेल शोषून घेते, टीपकागदाने शाई ओढावी तसं. खाली पाण्यात पोचल्यावर कडीत हवा. रेष सुस्त, गोलगोल, काही म्हणता काही सांगत नव्हती. यावर उपाय आहे: पाण्याच्या पातळीपर्यंत आधी भोक पाडायचं, ते पाण्याने भरायचं, आणि कोन तिथून सोडायचा. पण आमच्या भेगांनी टँकरचं काय केलं ते वर सांगितलंच आहे. पाच टेस्ट झाल्या, तीन राहिल्या, आणि पाण्याचा दाब परत मोजायला पहिली जागा पुन्हा करायची, असं ठरलं.

तेवढ्यात जून उजाडला. काका मधल्या काळात दुसऱ्या कामावर रिग घेऊन गेले होते, ते परत यायला निघाले तो पालखीचा मुक्काम हलण्याचा दिवस. सोलापूर रस्ता बंद. रिगचा ट्रक दीड दिवस एका पेट्रोल पंपावर उभा, आणि काका फोनवर मला सांगत होते की त्यांनी दोन दिंड्यांना चहा पाजला. मग पाऊस लागला, शेतात ट्रक जाईना. परत उभे राहिलो ते थेट ऑगस्टमध्ये.

शेत ओळखू येईना. भेगा सगळ्या मिटलेल्या. चालताना चपलेला किलोभर माती, दर दहा पावलांनी खरवडायची. मे महिन्यात न शिरणारे अँकर आता हाताने फिरवले तरी शिरत होते, आणि तितक्याच सहजपणे निघून येत होते. पहिल्याच दाबाला चारपैकी दोन अँकर भजी तेलातून वर यावीत तसे वर आले. काकांनी कोकणातल्या दोनचार शिव्या मातीला घातल्या, अँकरला जोड लावून ते अडीच मीटरपर्यंत उतरवले, तेव्हा कुठे रिग धरली.

जुन्या भोकापासून दीड मीटरवर कोन सोडला. पाणी आता वरच होतं, त्यामुळे कडी ओलीच राहिली, पाण्याची रेष पहिल्या मीटरपासून जिवंत. मी तिच्याकडेच बघत होते. टोकाच्या रेषेकडे लक्ष गेलं ते तीन मीटर झाल्यावर. काहीतरी चुकलंय असं वाटलं. काकांना थांबवलं, केबल तपासली, शून्य तपासला. सगळं ठीक. ८० सेंटीमीटरवर जिथे मे महिन्यात ६ मेगापास्कल होते, तिथे ०.९.

संध्याकाळी ऑफिसात दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवून प्रिंट काढली. साडेतीन मीटरच्या खाली दोन्ही रेषा एकमेकींवर अशा बसल्या होत्या की खाली कार्बन ठेवून काढल्यात असं वाटावं. वाळूचा तो १२ सेंटीमीटरचा थरसुद्धा त्याच जागी, त्याच दातांसह. आणि साडेतीनच्या वर दोन वेगळ्या गावांच्या जमिनी. काळ्या मातीत ओलाव्याची ये-जा साधारण तिथवर चालते हे मी अंडररीम्ड पाइलच्या, म्हणजे जमिनीत उतरवायच्या तळाशी फुगीर खांबांच्या, धड्यात वाचलं होतं, पाइल निदान ३.५ मीटर खाली न्या म्हणून. पाठ करताना तो नुसता आकडा होता.

कोनचं यात काही चुकलं नव्हतं. मे महिन्यात माती खरोखरच तेवढी कडक होती. सुकताना मातीतलं उरलंसुरलं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं, तीच ती ताकद, पुस्तकात तिला सक्शन म्हणतात. पाऊस आला की ओढ संपली. शेतकरी याला वाफसा वगैरे शब्दांनी दर आठवड्याला मोजतो. आम्ही रिपोर्टवर तारीख टाकतो ती बिल काढण्यासाठी.

आणि खरी गोची पुढेच होती. मे महिन्याच्या आकड्यांवरून मी एक कच्चा रिपोर्ट आधीच पाठवून दिला होता. घाई क्लायंटची होती, पण सही माझी होती. त्यात फरशीखालच्या मातीला मी चांगलं प्रशस्तिपत्र दिलेलं. आरसीसी कन्सल्टंटचा फोन आला: "मॅडम, मे मध्ये तुम्ही मला वर पंधरा टन दिले होते. आता पाच म्हणताय. जमीन विकली का मधल्यामध्ये?" मी सांगायला लागले, मॉन्सून, सक्शन, वगैरे. ते म्हणाले, "ते सगळं खरं. मी फरशीचं ड्रॉइंग दिलंय." सरांनी फोन माझ्या हातून घेतला नाही. समोर बसून पेन्सिलीला टोक करत राहिले. मीच माफी मागितली आणि नवीन तारखेचा रिपोर्ट उद्या देते म्हणाले. फोन ठेवल्यावर सर एवढंच म्हणाले, "कच्च्या रिपोर्टवर 'कच्चा' असं मोठ्ठं लिहीत जा."

काळी माती फुगते किती, हे मात्र कोन कधीच सांगत नाही. तो माती वर आणत नाही, हीच त्याची अडचण. त्यासाठी लॅबच. भट्टीत सुकवून बारीक चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम दोन काचेच्या उभ्या मापात टाकायची, एकात पाणी, एकात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींची उंची बघायची. साधी टेस्ट, अवघड आहे ते रॉकेल मिळवणं. रेशनवर ते मिळायचं बंद झाल्यापासून आमचे लॅबवाले ते सोन्यासारखं जपून वापरतात आणि टेस्ट झाली की गाळून परत बाटलीत भरतात. सकाळी येऊन बघितलं तर रॉकेलच्या मापात माती मुकाट तळाशी १२ वर, आणि पाण्याच्या मापात ती २१ पर्यंत चढून बसलेली. पाऊणपट जास्त. अशी माती फरशीखाली ठेवली तर फरशी दर पावसाळ्यात वर आणि दर उन्हाळ्यात खाली. रॅकवरचे खोके त्या तालावर नाचणार.

शेवटी ठरलं ते असं: काळी माती दोन मीटर उकरून टाकायची, मुरूम थराथराने दाबून भरायचा, त्यावर फरशी. खांब पाइलवर, पाइल गोटे आणि मऊ माती ओलांडून पत्थरात. खर्च वाढला. क्लायंटच्या माणसाने मीटिंगमध्ये विचारलं की सीपीटी केल्यामुळे खर्च वाढला का. सर म्हणाले, "हो, डॉक्टरकडे गेल्यामुळे शुगर वाढते तसा."

ऑगस्टमधल्या त्या फेरीचा शेवटचा दिवस. कोन ६.४ मीटरवर गोट्यांच्या डोक्यावर टेकला होता. रिग उचलायला लागायच्या आत काकांना थांबवलं. जॅक बंद, रॉड तसेच. आता नुसतं बघत बसायचं होतं. कोन घुसताना आजूबाजूचं पाणी दाबलं जातं, थांबल्यावर तो दाब हळूहळू निवतो. चिकणमातीत निवायला तास तास लागतात, अशा ठिकाणी काकांची पोरं ताडपत्रीखाली झोपून घेतात. इथे गोट्यांतून पाणी मोकळं वाहतं, त्यामुळे रेष मिनिटभरात खाली आली आणि आडवी झाली. ४७ किलोपास्कल. थोडं थांबले, हलली नाही. ९.८१ ने भागलं. डोक्यावर ४.८ मीटर पाणी. ६.४ मधून ४.८ गेले, राहिले १.६.

अण्णा बांधावर होतेच. छत्री मिटून काठीसारखी टेकलेली. मे महिन्यापासून रोज विचारत आले होते आणि मी रोज "ही बोअर नाही" म्हणत आले होते. या वेळी त्यांनी विचारायच्या आत मीच ओरडून सांगितलं, "अण्णा, पाणी सव्वापाच फुटांवर आहे!"

अण्णांनी यंत्राकडे बघितलं, केबलकडे, लॅपटॉपवर धरलेल्या छत्रीकडे.

"एवढंच होय? मग माझ्या विहिरीत डोकवायचं की, ताई. कालच बघितलं मी. वरच्या सहा पायऱ्या तेवढ्या उघड्या आहेत."